खालच्या क्लिपचे कान

रविवारी सकाळी सात वाजता मी आमच्या गाडीचा रेडिएटर बदलायला घेतला आणि दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हात धुतले. एकूण सात तास दहा मिनिटं. त्यातलं खरं काम एक तास पन्नास मिनिटांचं. चहा-जेवणाला चाळीस मिनिटं. उरलेले चार तास चाळीस मिनिटं फुकट गेले. ते कुठे गेले याचा हिशेब माझ्याकडे लिहिलेला आहे, कारण एकतीस वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली आणि काम हातात घेतलं की शेजारी वही ठेवायची सवय अजून सुटलेली नाही. आमच्या ब्रेकडाउन रजिस्टरला चार रकाने असत: काय बिघडलं, कशानं बिघडलं, काय केलं, किती वेळ लागला. माझी तक्रार याच रकान्यांतली आहे.

आधी बिघाड. गाडी पंधरा वर्षांची, छोटी हॅचबॅक. महिनाभर बॉनेट उघडलं की गोडसर वास येत होता. कूलंटच्या बाटलीतली पातळी आठवड्याला बोटभर उतरत होती. वरचा होस जिथे रेडिएटरला लागतो, तिथे प्लास्टिकच्या टाकीवर केसाएवढी चीर सापडली आणि चिरेच्या कडेला गुलाबी-पांढरी खपली.

जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. गळला की रेडिएटरवाल्याकडे न्यायचा. तो हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवायचा, बुडबुडे कुठून येतात ते बघायचा आणि तिथे डाग द्यायचा. आताच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या नायलॉनच्या असतात. मधे रबरी गॅस्केट ठेवून ॲल्युमिनियमच्या कडा टाकीवर दुमडून दाबलेल्या असतात. वजनाला हलका, किमतीला कमी, उष्णता टाकायला चांगला. पण रोज तापून आणि निवून नायलॉन ठिसूळ होतं, चिरतं, आणि नायलॉनला डाग बसत नाही. अख्खा रेडिएटर बदलावा लागतो. पंधरा वर्षं त्यानं चाकरी केली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

भौतिकशास्त्राबद्दलही माझं काही म्हणणं नाही. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागतो. त्यासाठी रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती आतलं पाणी दाबाखाली ठेवते. माझ्या झाकणावर ०.९ लिहिलेलं आहे, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब. पुण्यात उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, ते या दाबाखाली सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो, आतलं सगळं त्या क्षणी उकळून अंगावर येतं, आणि माणसाचं तोंड आणि हात जन्मभरासाठी भाजतात. त्यामुळे गाडी शनिवारी रात्रीपासून थंड ठेवली होती. ते थांबणं मी फुकट गेलेल्या वेळात धरलेलं नाही. निसर्गासाठी थांबावं लागलं तर थांबावं. माणसांनी न केलेल्या विचारासाठी थांबावं लागलं, तर वहीत लिहावं.

नवा रेडिएटर शनिवारी नाना पेठेतून आणला. दुकानदारानं गाडीचं नाव विचारलं, मग वर्ष, मग महिना, कारण त्या वर्षी मधेच रेडिएटर बदललेला होता. मग चेसिस नंबर. तो मी लिहून नेलेला होता. तेवढ्यावर त्यानं माल काढायला हवा होता. त्याऐवजी तो म्हणाला, “काका, मिस्त्रीला पाठवा ना.”

“मिस्त्री मीच आहे.”

“मग गाडी कुणाची आहे?”

“गाडी पण माझीच आहे.”

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. दुकानदार सज्जन होता, भावही त्यानं रास्त लावला. पण गाडीचा मालक आणि गाडी खोलणारा हा एकच माणूस असू शकतो, ही गोष्ट त्याच्या गिनतीत नव्हती. पुढच्या दिवशी मला कळलं की ती कुणाच्याच गिनतीत नव्हती.

आता वही.

इंजिनाखालचं प्लास्टिकचं आवरण काढणं: पंचेचाळीस मिनिटं. त्याखाली रेडिएटरचा तळ दडलेला आहे. आवरण सात प्लास्टिकच्या क्लिपांवर टांगलेलं. या क्लिपेच्या मधे एक खिळा असतो. तो उचलला की क्लिप सुटते, नवी असेपर्यंत. पंधरा पावसाळ्यांचा चिखल बसला की खिळा क्लिपेसकट फिरत राहतो. सातांपैकी तीन तुटल्या. क्लिप काही रुपयांना मिळते, पण ती रविवारी मिळत नाही आणि सुटी एक कुणी देत नाही. एकेरी वापराची क्लिप वारंवार उघडायच्या जागी लावू नये, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला शिकवत होते.

तळाचा ड्रेन कॉक: चाळीस मिनिटं. कॉक प्लास्टिकचा, डोक्यावर उभी खाच. खाचेत नाणं घालून फिरवावा अशी कल्पना असावी. पण डोक्यासमोर लोखंडी बीम आहे, नाणं धरलेली दोन बोटं तिथे मावत नाहीत. स्क्रू ड्रायव्हर तिरका लावला तर खाच गोल होते, आणि ती झाली. कूलंट सोडण्यासाठी म्हणून जो कॉक बसवला, त्यातून कूलंट सोडता येत नाही. शेवटी खालचा होसच काढून घमेल्यात सोडायचं ठरवलं.

खालच्या होसची क्लिप: पंचावन्न मिनिटं. हिच्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे.

ही स्प्रिंगची क्लिप आहे, चपट्या पट्टीचं कडं. तिला दोन कान असतात. कान एकमेकांकडे दाबले की कडं रुंदावतं आणि होसवरून सरकवता येतं. स्क्रूच्या क्लिपेपेक्षा ही चांगली. रबर तापून फुगतं, निवून आकसतं, वर्षागणिक बसतं, आणि ही क्लिप त्याच्याबरोबर कमी-जास्त होत सारखी पकड ठेवते. पंधरा वर्षांत त्या सांध्यातून थेंब गळलेला नाही. ज्यानं ही क्लिप शोधली, त्याच्या हुशारीला मी मान देतो.

पण तिचे कान खाली आणि मागे वळवलेले होते, बीमच्या बाजूला. कान आणि बीम यांच्यामधे दोन बोटांची फट. पक्कड आडवी आत जाते, पण जबडा उघडायला जागा नाही. नोझ प्लायर जातो आणि उघडतोही, पण त्याचं टोक कानांवर तिरकं बसतं आणि जोर दिला की निसटतं. तीनदा निसटला. तिसऱ्या वेळी उजव्या हाताच्या दोन पेरांची सालं बीमवर राहिली. मग वरून, पंख्याचं आवरण आणि इंजिन यांच्या सांदीतून लांब नोझ प्लायर घालायचा, खाली छोटा आरसा धरायचा आणि आरशात उलटं दिसणारं सुलटं समजून कान पकडायचे, असं केलं. टॉर्च धरायला शेजारचा मुलगा आला होता, आठवीतला. दोन मिनिटं तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “काका, ही क्लिप फिरवून वरच्या बाजूला का नाही लावली?”

पंचावन्न मिनिटांत त्या मोरीसारख्या सांदीत विचारला गेलेला हा एकच शहाणा प्रश्न. क्लिप गोल आहे. तिचे कान कुठल्याही दिशेला करता येतात. वर केले असते तरी पकड तीच, किंमत तीच, वजन तेच. मी त्याला म्हटलं, “अरे, कारखान्यात गाडी जोडतात तेव्हा पुढचा भाग मोकळा असतो. बंपर नंतर चढतो. जोडणाऱ्याला कान कुठेही असले तरी सारखंच.”

“आणि काढणाऱ्याला?”

“काढणाऱ्याचा विचार करायला तिथे कुणी नसतं.”

त्या दिवशीचा प्रत्येक नट, प्रत्येक क्लिप, प्रत्येक प्लग मला हेच सांगत होता. जोडणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. चालवणाराही होता, त्याच्यासाठी कप धरायला खाचसुद्धा केलेली आहे. उघडणारा माणूस मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

पंख्याच्या मोटरचा प्लग: पंचवीस मिनिटं. प्लग सोडवायला एक जीभ दाबायची असते. ती जीभ पंख्याच्या आवरणाच्या बाजूला, म्हणजे बोट जात नाही अशा बाजूला आहे. दाबली तेव्हा उष्णतेनं वाळलेली जीभ मोडून पडली. आता तो प्लग टायनं बांधला आहे. प्लग अर्धा वेढा फिरवून लावला असता तर जीभ समोर आली असती.

सोसायटीचे सेक्रेटरी: वीस मिनिटं. ते माझ्यावर रागावले नव्हते, हे आधी सांगतो. ते म्हणाले, “अहो, पार्किंगमधे गाडी खोलायची नाही, नियम आहे आपला.” मी विचारलं, नियम कशासाठी आहे? “डाग पडतात फरशीवर.” मी त्यांना खालची ताडपत्री दाखवली, घमेलं दाखवलं, झाकणाचा कॅन दाखवला. मग त्यांना धोक्याची गोष्ट सांगितली. कूलंटमधे एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं थोडंसं जरी मांजरानं किंवा कुत्र्यानं चाटलं तरी त्याची किडनी जाते आणि ते मरतं. आपल्या गेटवर दोन कुत्री आहेत. नियम करायचाच तर असा करा: कूलंट आणि ऑइल सांडू द्यायचं नाही, सांडलं तर लगेच पुसून धुवायचं, वापरलेलं गटारात ओतायचं नाही. ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण एकाला परवानगी दिली तर उद्या सगळेच करायला लागतील.” सगळे करायला लागले तर ती सोसायटीसाठी चांगलीच गोष्ट होईल, असं मी म्हणालो आणि माझं तसं खरोखर मत आहे. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि लवकर आवरा म्हणाले. लवकर आवरायची माझ्याएवढी घाई त्या सोसायटीत कुणालाच नव्हती.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो रेडिएटर. वर दोन ब्रॅकेट, दहा नंबरचे चार बोल्ट, खाली दोन रबरी बुश. दहाची गोटी, एक्स्टेंशन आणि रॅचेट. पुढचा एसीचा कंडेन्सर रेडिएटरपासून मोकळा करून सुतळीनं वर बांधला, कारण त्याच्या नळ्यांना धक्का लागून गॅस गेला तर खर्च दुप्पट. मग पंख्यासकट रेडिएटर सरळ वर उचलला. पंचवीस मिनिटांत बाहेर, नंतर पस्तीस मिनिटांत नवा आत. एक तास. हे काम अवघड नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ज्याला दहाचा पाना फिरवता येतो, त्याला हे येतं.

मात्र नवा बसवण्याआधी आणखी दोन नोंदी झाल्या. खोक्याचा पुठ्ठा एकपदरी होता. कोपऱ्यावर दणका बसून जाळीच्या पात्या तळहाताएवढ्या भागात आडव्या झाल्या होत्या. पाती आडवी झाली की तिथून वारा जात नाही आणि वारा गेला नाही तर तेवढा रेडिएटर असून नसल्यासारखा. सुईच्या टोकानं एकेक पाती उभी केली: तीस मिनिटं. खोक्यात ड्रेन कॉक वेगळ्या पुडीत होता, पण त्याची रबरी रिंग नव्हती. तळाचे बुशही नव्हते. जुन्याचे साबणाच्या पाण्यानं सोडवून घेतले, रिंगही जुन्याचीच काढून पुसून लावली: पस्तीस मिनिटं. नव्या वस्तूच्या पोटात पंधरा वर्षांची रिंग घालताना मला वाईट वाटलं. एका रिंगेची किंमत केवढी असते, हे पुडी भरणाऱ्याला माहीत असतं.

आणि कूलंट. दुकानात हिरवं, निळं, गुलाबी आणि नारिंगी कूलंट होतं. लोक रंगावरून घेतात. रंग म्हणजे नुसता रंग आहे. तो कसा असावा याचा सर्वांना बांधील असा नियम नाही, प्रत्येक उत्पादक आपल्या मनानं घालतो. खरा फरक आतल्या गंजरोधकांत असतो, आणि दोन जातींची सरमिसळ झाली तर गंजरोधक लवकर निकामी होऊ शकतात. ती जात डब्यावर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डब्यातलं कूलंट पाणी मिसळून वापरायचं की तयार आहे, हीसुद्धा मागेच. पुढे मोठ्ठी गाडी आणि हिमालय. पाणी न घालता अर्क तसाच ओतला तर तो पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतो आणि इंजिन जास्त तापतं. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घातलं तर गंजरोधक निम्मा होतो. हे दोन शब्द पुढे मोठ्या अक्षरांत लिहायला जास्तीची शाई लागत नाही. मी अर्क घेतला, दोन लिटर अर्कात दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर मिसळलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं किटलीत पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरेल.

भरणं आणि हवा काढणं: पन्नास मिनिटं, आणि ही सगळी खऱ्या कामाची. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरम, एप्रिल असूनही, कारण हीटरच्या नळ्यांत अडकलेली हवा तशीच निघते. होस हातानं दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरचा होस कोमट होता. तो उघडला आणि होस हाताखाली एकदम गरम झाला, दोन मोठे बुडबुडे आले, पातळी झपकन खाली गेली. वर भरलं, झाकण लावलं. पंखा लागला, थांबला, पुन्हा लागला. एकही थेंब नाही. मेंटेनन्सच्या माणसाला दिवसाकाठी एवढंच हवं असतं. शेवटी तळाचं आवरण उरलेल्या चार क्लिपांवर आणि सुतळीवर चढवलं: तीस मिनिटं.

गाडीसोबत जे पुस्तक आलं, ते दोनशेहून जास्त पानांचं आहे. रेडिएटरबद्दल त्यात इशारे आहेत आणि अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधा असं आहे. काम कसं करायचं, याचं एक वाक्य नाही. हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रकं आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मधे १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मधे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारीही आहेत. हे व्हायलाच हवं होतं. पण हक्क कागदावर मिळाला तरी पक्कड कानांपर्यंत पोचली पाहिजे.

बर्था बेंझ बाई १८८८ च्या ऑगस्टमधे दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला मोटारीनं गेल्या, तेव्हा गाडीला रेडिएटरच नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत थांबून थांबून पुन्हा भरावं लागे. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. पिन पोचली, कारण नळी उघडी होती. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाखनं मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या होत्या. अवघड प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी सुटला. माझे चार तास चाळीस मिनिटं त्या अवघड प्रश्नात गेली नाहीत.

आमच्या कारखान्यात नवं मशीन घ्यायचं ठरलं की ड्रॉइंगवर मेंटेनन्सची सही लागे. ही पद्धत पाडून घ्यायला आम्हाला अनेक वर्षं भांडावं लागलं. सही करण्याआधी आम्ही एकच गोष्ट बघायचो: जो भाग बदलावा लागणार, तिथे हात पोचतो का आणि पाना फिरतो का. नाही पोचला तर ड्रॉइंग परत. गाडीच्या ड्रॉइंगवर अशी सही करणारा एक माणूस बसवा, एवढंच माझं मागणं आहे. त्याच्या टेबलावर पक्कड ठेवा.

तोवर माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंट मार्करनं तारीख, कूलंटची जात आणि निम्मं-निम्मं असं लिहिलं. जुनं कूलंट कॅनमधे भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या पिंपात दिलं. आणि त्याआधी, नवा रेडिएटर बसल्यावर खालचा होस चढवून क्लिप पुढे सरकवली, तेव्हा दाबण्यापूर्वी तिचे कान वर आणि पुढे वळवले. शेजारच्या मुलानं मोबाइलवर वेळ लावली होती. वहीत शेवटची नोंद त्याच्या अक्षरात आहे: क्लिप फिरवणे, चार सेकंद.